शेवटी चढणारी

विमानाची चाकं जमिनीला टेकली तेव्हा कंडक्टरबाईने खिडकीकडे पाहिलं नाही; मनगटाकडे पाहिलं.

"उशीर झालाय," ती म्हणाली.

"झालाय खरा," शेजारी बसलेला तिचा नवरा म्हणाला. "पण गाडी उतरवली काय झकास! पोटातलं पाणी हललं नाही. हात चांगला आहे बुवा त्याचा."

"हात चांगला असून काय करायचं? वेळ गेली ना हातातून."

नोकरी सोडून बरीच वर्षं झाली तरी गल्लीतली पोरंसोरं तिला कंडक्टरबाईच म्हणत, आणि चिडवायचं असलं की नवराही. तो त्याच बसचा ड्रायव्हर. एक आगार, एक गाडी. पुढे तो, मागे ती, मधे माणसं. संसारातलं निम्मं बोलणं दोघांनी घंटीच्या दोरीवरूनच केलेलं. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. घरी वाजलेलं असलं की त्या दोन टोल्यांतही त्याला तिचा राग ऐकू यायचा, आणि गाडी खड्ड्यात कशी उतरते त्यावरून तिला त्याचा रुसवा कळायचा.

आज मात्र दोघंही उतारू होते. आणि मधल्या या भल्यामोठ्या विमानतळावर उतरून त्यांना दुसरं विमान गाठायचं होतं.

दुसरं विमान त्यांच्या मुलीचं होतं.

तिला घरी चिंगी म्हणत. चिंगी आज पहिल्यांदा कप्तान म्हणून विमान उडवणार होती. आजवर ती डावीकडच्या कप्तानाच्या शेजारी, उजव्या खुर्चीत बसायची. आज डावी खुर्ची तिची. ड्युटीचा तक्ता ऐन वेळी लागला, म्हणून तिकिटं ऐन वेळी काढली, आणि मिळालं ते हेच विमान मिळालं, जेमतेम गाठ घालून देणारं. ही गाठ चुकली तर पुढची विमानं खूप होती. चिंगीही पुढे खूप उडणार होती. पण पहिलं उड्डाण एकदाच होतं. दुसऱ्याला पहिलं म्हणता येत नाही.

"आई, एक सांगून ठेवते," काल फोनवर चिंगी म्हणाली होती. "कप्तान झाले म्हणून मला विमान थांबवून धरता येत नाही हं."

"मी कुठे म्हटलं थांबव म्हणून?"

"आणि थांबवता आलं असतं तरी तुझ्यासाठी थांबवलं नसतं. तुझं माझं जुनं आहे ना काहीतरी बाकी?"

दोघीही खूप हसल्या होत्या. ड्रायव्हर मात्र हसला नव्हता. तो उठून पाणी प्यायला गेला होता.

कारण ते जुनं त्याच्यासमोरच घडलेलं. चिंगी शाळेत होती. आईबापांच्याच गाडीने शाळेला जायची. त्या दिवशी तिची चित्रकलेची परीक्षा होती, आणि रंगांची पेटी काही सापडत नव्हती. गाडी थांब्यावर उभी. गाडीत कामावर निघालेले, दवाखान्याला निघालेले, कुणी कुणी पुढची गाडी धरायला निघालेले. वेळ झाली. आईने दोरी ओढली: टण टण. ड्रायव्हरला बाजूच्या आरशात गल्लीच्या तोंडाशी एक ठिपका दिसला. वेण्या उडत होत्या, पेटी छातीशी धरलेली होती. त्याने ब्रेकवरचा पाय उचलला नाही. वाट पाहिली, एक टोला येईल म्हणून. आला नाही. पुन्हा टण टण झालं, पहिल्यापेक्षा जोरात. मग त्याने गाडी सोडली.

चिंगी धावत शाळेत पोचली, घामाने रंग ओले करत परीक्षा दिली आणि आठवडाभर आईशी बोलली नाही. आई म्हणाली, "माझी मुलगी म्हणून गाडी थांबवली असती, तर उद्यापासून गाडीतल्या प्रत्येकाची मुलगी धावत आली असती." हे ती आजही म्हणायची. नवरा आजही ते ऐकलं की पाणी प्यायला उठे.

विमान उभं राहिलं. राहतंय न राहतंय तोच सगळे उठले. वरच्या कप्प्यांतून बॅगा निघाल्या, कोपरं निघाली, वाट बंद झाली. ज्यांना कुठेही जायची घाई नव्हती ते सगळ्यांत आधी उभे राहिलेले, हे बाईने एका नजरेत ओळखलं. ती सीटवरून अर्धी उठली आणि छातीतून आवाज काढला.

"ज्यांना पुढची गाडी नाही त्यांनी बसून घ्या! पुढची गाडी असणाऱ्यांना आधी सोडा! चला, वाट द्या, वाट द्या!"

कोण जाणे कसं, दोन-तीन जण बसले. ते बसले म्हणून मागचे बसले. विमानातली हवाईसुंदरी तोंडावर हात धरून हसली.

"चला, ड्रायव्हरसाहेब," बाई म्हणाली. "मोकळी झाली गल्ली."

"अगं, हे विमान आहे. इथे ओरडत नाहीत."

"ओरडले कुठे? जागा करून घेतली."

सामान म्हणाल तर दोन हातपिशव्या आणि तिची ती जुनी चामडी पिशवी, खांद्यापासून कमरेपर्यंत तिरकी. विमानाच्या पोटात काही टाकायला तिने साफ नकार दिला होता. "टपावर सामान टाकलं की आपण सामानाचे ताबेदार," ती म्हणाली होती. "आपलं ओझं आपल्या मांडीवर."

बाहेर काचेचा बोगदा, मग जिना, मग वाटच वाट. छत इतकं उंच की खाली माणसं चालताहेत हे छताला माहीतही नसावं. सगळीकडे बाण. बाईने बाण वाचले, ड्रायव्हरने चाल धरली. तो आयुष्यभर बसून काम केलेला माणूस, चालताना जरा डुलायचा. ती आयुष्यभर उभी राहिलेली, हलत्या गाडीत पाय रोवून. म्हणून सपाट जमिनीवर ती अशी चालायची की जमिनीनेच तिला वाट द्यावी.

तपासणीच्या रांगेत एका शिपायाने सांगितलं, "तिकीट आणि ओळखपत्र ज्याचं त्याने हातात धरा."

बाईने पिशवी उघडली, नवऱ्याचं तिकीट त्याच्या हातात दिलं. एवढी वर्षं जगाला तिकिटं दिली, नवऱ्याला पहिल्यांदाच. तपासणी झाल्यावर तिने हात पुढे केला.

"द्या इकडे."

"असू दे की माझ्या खिशात."

"हरवाल."

"इतकी वर्षं बस हरवली नाही, तिकीट हरवतोय होय!"

वाद घालायला वेळ असता तर तिने घातला असता. वेळ नव्हता. तिकीट त्याच्या वरच्या खिशात राहिलं.

त्यांचं दुसरं विमान दुसऱ्या इमारतीतून सुटणार होतं, आणि दोन इमारतींच्या मधे एक छोटी गाडी धावत होती. रुळावरची, दोन डब्यांची. फलाटाला काचेची भिंत, भिंतीला दारं. गाडी आली की काचेचं दार आणि गाडीचं दार एकाच वेळी उघडायचं. दोघं पोचले तेव्हा गाडी उभीच होती.

"चढा, चढा," बाई म्हणाली.

ड्रायव्हर चढला. त्याच्या मागून एक तरुणी, लेकराला कडेवर घेतलेली. बाईने तिच्या पिशवीला हात दिला. मग एक काठी टेकत आलेला म्हातारा. बाईने त्याला कोपराला धरून वर घेतलं. मग दोन मुली, मग एक गृहस्थ. सगळे आत गेले. बाईने मागे वळून फलाटावर नजर फिरवली, डावीकडे, उजवीकडे, कुणी धावत येतंय का. कुणी नव्हतं. आता आपण चढायचं म्हणून तिने पाय उचलला.

दार लागलं.

आधी काचेचं, मग गाडीचं, कुणी काही न विचारता. आत नवरा, बाहेर बायको. ड्रायव्हरने आतून काचेवर एक थाप मारली. एकच. थांबा! पण ती थाप ऐकणारं त्या गाडीत कुणी नव्हतं. गाडी निघून गेली.

बाई तशीच उभी राहिली. सगळे चढले की कंडक्टर चढतो, आणि कंडक्टर चढल्याशिवाय गाडी हलत नाही. हा नियम तिच्या अंगात इतका मुरलेला की जगात दुसऱ्या तऱ्हेच्या गाड्याही असतात, हे तिच्या पायांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पिशवीत फोन वाजला.

"अगं!" ड्रायव्हरचा आवाज. "अगं, या गाडीला ड्रायव्हरच नाही!"

"काय?"

"मी बोंबलत पुढे गेलो, म्हटलं सांगतो त्याला. पुढे नुसती काच! काच आणि बोगदा! कुणीच नाही गं हाकायला!"

"मग बसा तिथे. तुमचीच जागा आहे ती."

"चेष्टा कसली करतेस? मी उतरतो. उलट येतो."

"उलट आलात तर बघा!" ती म्हणाली. "उलट याल, मी सुलट जाईन, आणि बसू दोघं बोगद्यात एकमेकांना टाटा करत. तुम्ही पुढे चला. तिकीट आहे ना खिशात?"

थोडा वेळ खसफस ऐकू आली. "आहे."

"बघा, बरं झालं हरवलं नाहीत. सरळ दारापर्यंत जा. मी येतेच आहे मागून."

पुढची गाडी आली. या वेळी बाई पहिली चढली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच, आणि चढताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. आत जाऊन खांबाला धरून ती उभी राहिली. दार लागू लागलं. मधेच अडकलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लागू लागलं, पुन्हा अडकलं. एक टोपीवाला माणूस दारात बूट घालून उभा होता. डब्यात कुठूनशी एक सूचना पुन्हा पुन्हा वाजत होती, दारापासून दूर राहा, आणि तो दारालाच चिकटून फलाटाकडे हात हलवत होता.

"अहो पाहुणे," बाई म्हणाली, "पाय आत घ्या."

"माझी बायको येतेय."

"कुठे आहे?"

"ती काय तिकडे, जिन्यावर. आलीच."

बाईने पाहिलं. लांब, सरकत्या जिन्याच्या वरच्या टोकाला त्याची बायको दोन बॅगांशी झटत होती. खाली यायला तिला वेळ होता. डब्यातली माणसं मनगटं बघत होती. कुणाचं विमान कुठलं, कुणाचं कोण कुठे खोळंबलेलं, हे कपाळांवर लिहिलेलं दिसत होतं. बाईला ते वाचता यायचं.

"एका माणसासाठी डबाभर माणसं धरून ठेवलीत," ती म्हणाली. "तिला मागून लगेच दुसरी गाडी आहे. काढा पाय."

"तुमचं कुणी मागे राहिलं असतं म्हणजे कळलं असतं!"

"माझं माणूस पुढे गेलंय," बाई म्हणाली. "मी मागे राहिलेलीच आहे. काढा पाय."

टोपीवाल्याने तिच्याकडे पाहिलं, पाय काढला आणि दार लागता लागता स्वतःच फलाटावर उडी मारली. गाडी सुटली. पण तोवर बराच वेळ त्या एका बुटाने खाल्ला होता.

दुसऱ्या इमारतीत उतरली तर दाराचा आकडा पार शेवटचा. बाण म्हणे इकडे, आणखी इकडे, आणखी पुढे. मधे जमिनीवर सरकते पट्टे होते. माणसं त्यावर उभी राहायची आणि पट्टा त्यांना वाहून न्यायचा. बाई त्यावर चढली आणि चालायलाही लागली. पट्ट्याचा वेग आणि तिचा वेग, दोन्ही मिळून कानांना वारा लागू लागला. पुढे माणसं दोन-दोनच्या जोडीने वाट अडवून उभी.

"पुढे चला, पुढे चला! पुढे जागा रिकामी आहे! एका बाजूला व्हा!"

आणि माणसं होत होती. ज्यांना तिची भाषा येत होती तीही, आणि येत नव्हती तीही. पाठीला पिशव्या लावलेली दोन उंच पोरं भिंतीला चिकटली. एका सुटातल्या साहेबाने पोट आत ओढून घेतलं. बाई मधून गेली. गुडघा कुरकुरला, तिने त्याला मनातल्या मनात सांगितलं, बाबा रे, घाट चढून झाल्यावर ऐकते तुझं.

रिकाम्या फेरीला, उतारू नसताना, ती गाडीच्या मागच्या बाकावर बसून स्वतःशीच ओव्या जुळवायची. चिंगी पोटात होती तेव्हापासूनची एक तिच्या ओठांवर आली, पावलांच्या तालावर, श्वासाने तुटत तुटत:

रस्ता माझा लांब
रस्त्याला वळण
लेकीचं चालणं
पाखराचं

फोन वाजला.

"मी पोचलो," ड्रायव्हर म्हणाला. त्याला धाप लागली होती. "दारावर आहे. सगळे आत गेले. एक मुलगी आहे इथे, ती म्हणते आता बंद करणार. कुठे आहेस तू?"

"आले. पट्ट्यावर आहे."

"मी थांबतो."

"थांबू नका. आत बसा."

"तुझ्याशिवाय?"

"माझ्याशिवाय."

"तुझ्याशिवाय मी कधी गाडी हाकलीय का?"

"हाकायची कुठे आहे? हाकणारी बसलीय पुढे. तुम्हाला नुसतं बसायचं आहे." तिचा आवाज बदलला. "ऐका. चिंगीच्या गाडीत आपल्या दोघांपैकी एक तरी असायला हवं. मी आले तर आले. तुम्ही चढा."

ड्रायव्हर हळूच म्हणाला, "बेल दे मग."

बाईच्या हातात फोन होता, बोटात अंगठी होती. पट्ट्याच्या कठड्यावर दोनदा वाजवली असती की झालं असतं. तिने वाजवली नाही.

"बेल मी आले की देईन," ती म्हणाली. "चढा तुम्ही."

तिने फोन पिशवीत टाकला आणि पट्टा संपल्यावर ती धावली. या वयातली बाई धावते तेव्हा लोक आधी काळजीने बघतात, मग बाजूला होतात. चामडी पिशवी कमरेवर आपटत होती, जशी उतारावर आपटायची. दुकानं गेली, अत्तरांचे वास गेले, खुर्च्यांवर आडवी झोपलेली माणसं मागे गेली. शेवटच्या वळणावर तिला दार दिसलं.

दार बंद होतं.

दाराशेजारच्या टेबलामागे एक तरुण मुलगी कागद जुळवत होती. तिने वर पाहिलं.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्हीच का त्या?"

धापा टाकत बाईने मान हलवली.

"आत्ताच लावलं हो. काका शेवटपर्यंत मागे बघत होते. शेवटी मीच म्हटलं, काका, चला. जाताना मला म्हणाले, कप्तान माझी मुलगी आहे. रांगेतल्या सगळ्यांनाही सांगून झालं होतं त्यांचं." तिने बाईच्या हातातलं तिकीट घेऊन पाहिलं. "सामान आत दिलंय का तुम्ही?"

"नाही. का?"

"दिलं असतं तर तुमचं सामान शोधून उतरवेपर्यंत विमान हललं नसतं. तेवढ्यात तुम्हालाही घेता आलं असतं कदाचित."

बाई हसली. श्वास नव्हता तरी हसली. आपलं ओझं आपल्या मांडीवर.

मुलीने टेबलावरच्या फोनवर हात ठेवला. इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "एक करता येईल. लावून क्षणच झालाय. विमानाला लावलेला पूल अजून हटलेला नाही. मी आत फोन करते. कप्तान हो म्हणाल्या तर एखादे वेळी उघडतात. पहिलाच दिवस आहे ना त्यांचा, आई आहे म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? विचारू?"

बाईने बंद दाराकडे पाहिलं. पलीकडे पूल, पुलाच्या टोकाला विमान, विमानाच्या पुढच्या टोकाला चिंगी. इतक्या जवळ की हाक मारली तर ऐकू जावी.

तिला वाटलं, विचार म्हणावं. गुडघा म्हणत होता, विचार म्हण. छातीतला भाता म्हणत होता, विचार म्हण. एवढी वर्षं मी कुणाकडे मागितलंय काही?

आणि तिला तो टोपीवाल्याचा बूट आठवला. डब्यातली कपाळं आठवली. या विमानातही कुणी कामावर निघालेलं असेल, कुणी दवाखान्याला, कुणी पुढचं विमान धरायला. मग तिला वेगळंच काही दिसलं: फोन वाजतोय, चिंगी उचलतेय. हो म्हणाली, तर पहिल्याच दिवशी नियम मोडून निघेल. नाही म्हणाली, तर पहिल्याच दिवशी आईला टाकून निघेल. काहीही म्हणाली तरी ते तिच्याबरोबर वर आकाशात जाईल आणि तिच्या खांद्यावर बसेल.

"नको," बाई म्हणाली.

"मावशी, विचारायला काय जातं?"

"विचारलं की तिला उत्तर द्यावं लागेल. ती पाळीच तिच्यावर आणू नको, पोरी."

मुलीने फोनवरचा हात काढला.

"विमान दिसेल का कुठून?"

"त्या काचेतून दिसेल. अगदी समोर."

बाई काचेपाशी गेली. विमान खरंच समोर होतं, नाक तिच्याकडे करून, एखादी गाय गोठ्यातून बघते तसं बघत. नाकाच्या वर दोन काचा. उजव्या खुर्चीत एक पोरगा खाली मान घालून काहीतरी करत होता. डाव्या खुर्चीत चिंगी. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, केस घट्ट मागे बांधलेले. वेण्या नव्हत्या.

चिंगीने वर पाहिलं.

पाहिलं आणि तिचे हात थांबले. बाईला तो चेहरा ओळखीचा होता. गल्लीच्या तोंडाशी, पेटी छातीशी धरलेला, जाणाऱ्या गाडीकडे बघणारा. फक्त या वेळी गाडीत ती होती आणि थांब्यावर आई. चिंगीचे ओठ हलले. काय म्हणाली ते कळलं नाही, पण त्यात "आई" होतं. तिचा हात कानावरच्या यंत्राकडे गेला आणि तिथेच राहिला. ती विचारत होती. आईने विचारलं नाही तर मुलगीच विचारत होती.

बाईने मान हलवली: नाही.

मग तिने पिशवी मागे सारली, पाय जरा फाकवून रोवले, जसे हलत्या गाडीत रोवायची, आणि हात उंच केला. काचेच्या या बाजूला दोरी नव्हती. तिने हवेतच ती पकडली. ओढली. पुन्हा ओढली.

टण. टण.

चिंगी क्षणभर तशीच बसली. मग तिने मनगटाने डोळ्यांखालून काहीतरी पुसलं, आणि हसली. लहानपणी दात पडल्यावर हसायची तसं, सगळं तोंड भरून. मान खाली घातली आणि कामाला लागली.

पूल मागे सरला. खाली एक बुटका ट्रॅक्टर विमानाच्या पुढच्या चाकाला येऊन भिडला, आणि ते एवढं मोठं धूड मागे सरकू लागलं. उलटं, हळू. बाईला राहवलं नाही. गाडी आगारात मागे घ्यायची असली की ती नेहमी मागे उभी राहायची, पत्र्यावर हाताने थापा देत, आणि त्या थापांवर ड्रायव्हर आरशात न बघताही गाडी भिंतीला अलगद लावायचा. आज ती पुढे उभी होती आणि गाडी मागे जात होती, पण हाताला ते कोण सांगणार? तिचा तळवा काचेवर आपटू लागला.

"येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... अजून आहे... येऊ द्या..."

टेबलावरची मुलगी कागद सोडून बघत राहिली. खुर्चीवर झोपलेल्या एकाने डोळे उघडले.

विमानाच्या खिडक्यांची रांग बाजूने दिसू लागली. कुठल्या खिडकीत ड्रायव्हर होता ते बाईला कळलं नाही. पण एका खिडकीत काहीतरी पांढरं हललं, बहुधा रुमाल, बहुधा त्याचाच. विमानात रुमाल हलवणारा दुसरा कोण असणार? त्याला बेल पोचली असेल की नाही, कोण जाणे. आज गाडी त्याच्या हातात नव्हतीच. तरी ट्रॅक्टर सुटला, विमान वळून उभं राहिलं, तेव्हा तिने काचेवर अंगठीने पुन्हा दोनदा वाजवलं. हे त्याच्यासाठी.

विमान निघालं. दाराच्या वरच्या पाटीवर विमान सुटण्याची वेळ लिहिलेली होती. बाईने पाटी पाहिली, मनगट पाहिलं. दोन्ही सारखी होती.

ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. गुडघ्याला म्हणाली, बोल आता. आणि ओठांतल्या ओठांत, श्वास जागेवर येईल तसतसं, एकेक शब्द जुळवत गेली:

दार लागलं गं
लागू दे लागलं
लेकीनं राखलं
माझं ब्रीद

दूर, धावपट्टीच्या टोकाला, एक विमान पळायला लागलं, हलकं झालं, आणि जमिनीने त्याला सोडलं. बाई शेवटपर्यंत बघत राहिली. आकाशात ते ठिपका होईपर्यंत, आणि ठिपका नाहीसा झाल्यावरही थोडा वेळ.

टेबलावरची मुलगी पाण्याची बाटली घेऊन आली.

"घ्या मावशी. रडताय?"

"घाम आहे."

"बरं, घाम," मुलगी म्हणाली आणि शेजारी टेकली. "तुम्हाला दुसऱ्या विमानात बसवते. संध्याकाळी आहे एक. कप्तान मात्र दुसरे असतील हं."

"असू देत. रस्ता तोच ना? पलीकडे दोघं उभी असतील मला उतरवून घ्यायला." बाईने पाण्याचा एक लांब घोट घेतला. तिकीट नीट घडी करून चामड्याच्या पिशवीत ठेवलं आणि पिशवीचा बंद लावला. "लांब आहे का ते दार?"

"हेच दार आहे. कुठे जायचं नाही, धावायचं नाही." मुलगी हसली. "पण या वेळी पहिल्या उभ्या राहा रांगेत. सगळ्यांत आधी चढा."

बाईने डोळे पुसले, म्हणजे घाम पुसला, आणि रिकाम्या होऊ लागलेल्या त्या लांब वाटेकडे नजर टाकली. टोकाला कुणीतरी बॅग ओढत धावत येत होतं.

"मी आधी चढले," ती म्हणाली, "तर मागे कोण राहिलं ते बघणार कोण?"